द्वेषातून होणाऱ्या हिंसेवर शिक्षा आणि पोलीस हेच उत्तर आहे का?

उंबरठा
खूप दिवस मनात घोळतोय हा प्रश्न, नीट मांडता येईल की नाही माहीत नाही, तरी लिहिते.

माणूस कोण आहे एवढ्याच कारणावरून त्याला मारलं जातं. जात, धर्म, रंग, भाषा, तो कुणावर प्रेम करतो, काहीही. अशी बातमी वाचली की माझ्या तोंडून कायम एकच निघायचं, कडक कायदा करा, पकडा, जन्मभर आत टाका. कॉलेजात असल्यापासून अशा कायद्यांसाठी सह्या गोळा केल्यात, मोर्चात चाललेय, घरी वाद घातलेत.

मध्यंतरी जेम्स बर्ड यांच्या खुनाबद्दल सविस्तर वाचलं. जून १९९८, टेक्सासमधलं जॅस्पर नावाचं छोटं शहर. तीन गोऱ्यांनी या कृष्णवर्णीय माणसाला पिकअप ट्रकमागे साखळीने बांधून सुमारे ३ मैल फरफटत नेलं. पुढे एकाला २०११ मध्ये आणि दुसऱ्याला २०१९ मध्ये मृत्युदंड दिला गेला, तिसऱ्याला जन्मठेप. म्हणजे मी जे जे मागत होते ते सगळं झालं. पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. ते मृत्युदंड झालेले दोघं आधी दुसऱ्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात होते आणि गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीत ते शिरले ते तिथेच, तुरुंगात. आणि बर्ड यांच्या मुलाने वडिलांच्या मारेकऱ्याला फाशी देऊ नका असं जाहीरपणे सांगितलं होतं.

तेव्हापासून झोप उडाल्यासारखं झालंय. ज्या जागेत द्वेष शिकले त्याच जागेत आपण आणखी माणसं पाठवा म्हणतोय का? शिक्षा द्वेषाला पुरी पडते का, की आपल्याला दुसरं काही मागताच येत नाही म्हणून आपण तेवढंच मागत राहतो?

एक विनंती, धागा पक्षांच्या भांडणात नेऊ नका. अनुभव लिहा, विरोध करा, चालेल.

कोरी_पाटी
वाचतेय. विषय जड आहे पण हवा होता. वाचनखूण साठवली.

ठाम
बर्ड यांच्या त्या दोन मारेकऱ्यांनी पुन्हा कुणाला मारलं का? नाही. संपला विषय. द्वेष जातो की राहतो हे मानसशास्त्रवाल्यांनी बघावं, कायद्याचं काम हात बांधायचं आहे, मन धुवायचं नाही. तुमच्या प्रश्नात मेलेला माणूस कुठेच दिसत नाही, मारणाऱ्याचं काय होणार याचीच काळजी दिसते, हे मला खटकलं. राग मानू नका, स्पष्ट लिहितोय.

उंबरठा
ठाम, राग नाही. पण मेलेल्या माणसाचा मुलगाच फाशी नको म्हणाला ते मी लिहिलंय की वर. माझी काळजी पुढच्या मेलेल्या माणसाची आहे, जो अजून जिवंत आहे.

साधा_वकील
उंबरठा, तुम्ही दोन प्रश्न एकाच दोरीने बांधलेत. शिक्षेने मनातला द्वेष जातो का? नाही जात. पंचवीस वर्षं सेशन्स कोर्टात उभा राहतोय, निकाल ऐकून कुणाचं मन पालटलेलं मी पाहिलेलं नाही. पण चोराला शिक्षा केली म्हणून त्याची हाव कुठे जाते, तरी चोरीची फिर्याद घेणं आपण थांबवत नाही.

अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा बघा. १९८९ चा. त्याआधी खून, मारहाण, बलात्कार हे सगळं दंड विधानात होतंच. मग वेगळा कायदा कशाला लागला? कारण पोलीस ठाण्यात फिर्यादच घेत नव्हते, घेतलीच तर किरकोळ कलमं लावून वाटेला लावत होते. म्हणून त्या कायद्यात कलम ४ आहे, जाणूनबुजून कर्तव्यात हयगय करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना पक्कं ठाऊक होतं की दुखणं मारणाऱ्यापाशी संपत नाही, लिहून घेणाऱ्याच्या टेबलापर्यंत येतं.

माझ्यासमोर बसलेल्या अशिलाला बहुतेक वेळा जन्मठेप किंवा फाशी नको असते. त्याला एवढंच हवं असतं की कुणीतरी खाकी किंवा काळ्या कपड्यातल्या माणसाने त्याचं म्हणणं जसंच्या तसं कागदावर उतरवावं आणि खाली सही शिक्का मारावा. माझ्या एका अशिलाने एफआयआरची प्रत लॅमिनेट करून ठेवली होती. केस हरलो आम्ही. प्रत अजून त्याच्याकडे आहे.

आणि धाकाचं म्हणाल तर शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होणारच याची खात्री किती यावर धाक ठरतो. बेकारिया नावाच्या इटालियनाने १७६४ मध्ये हे लिहून ठेवलंय. आपण अडीचशे वर्षं शिक्षा वाढवतोय, खात्री मात्र होती तिथेच.

मुक्काम_पोस्ट
वकीलसाहेब, खात्रीवरून खैरलांजी आठवलं. २९ सप्टेंबर २००६, एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षं केली. पण अ‍ॅट्रॉसिटीखाली दोषी दोन्हीकडे धरलं नाही. सूड होता, जातीतून नव्हतं, असं ठरलं. मी तेव्हा शिकत होतो, फाशीचा निकाल आला त्या दिवशी आम्ही मुलं खूश झालो होतो, नंतर एका सरांनी विचारलं की निकालपत्रात जात कुठे आहे ते दाखवा. आम्ही गप्प.

म्हणजे सगळ्यात मोठी शिक्षा सुनावूनसुद्धा ज्या गोष्टीसाठी माणसं मेली तिचं नाव कागदावर येत नाही, असं होऊ शकतं. वकीलसाहेबांनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवणं तिथे झालंच नाही.

ठाम
मग यावर उपाय काय? हेतू सिद्ध करणं सोपं करा. कायदा सोडून द्या हे उत्तर कसं होतं?

रिकामा_पिंजरा
मी बाजू घेऊनच लिहितो, धागाकर्तीला झोप उडवणारा जो प्रश्न पडलाय तो काही लोकांनी कृतीत आणलाय. न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हिया रिव्हेरा लॉ प्रोजेक्ट नावाची संस्था आहे, गरीब तृतीयपंथी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करते, म्हणजे ज्यांच्यावर सर्रास हल्ले होतात अशांचीच संस्था. २००९ मध्ये ट्रान्स लोकांना संरक्षण देणारं विधेयक राज्यात आलं तर यांनी त्याला पाठिंबा द्यायला नकार दिला, कारण त्यात द्वेषगुन्ह्यांची शिक्षा वाढवायचं कलम होतं. त्यांचं म्हणणं, पोलीस आणि तुरुंग आमच्या लोकांना रोज मारतात, त्यांनाच आणखी ताकद देऊन आम्ही सुरक्षित कसे होणार.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओबामांनी मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड यांच्या नावाच्या केंद्रीय कायद्यावर सही केली. तो कायदा कशाला जोडून आला माहितेय का? संरक्षण खात्याच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकाला. द्वेषामुळे मारल्या गेलेल्या दोन माणसांची नावं सैन्याच्या बजेटमध्ये. मला हे वाचून पोटात कसंतरी झालं होतं.

आता विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल घ्या, १९९३. द्वेषाच्या हेतूमुळे शिक्षा वाढवणं घटनेला धरून आहे हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने याच खटल्यात एकमताने सांगितलं. आरोपी कोण होता? एक कृष्णवर्णीय तरुण. त्याच्या चिथावणीवरून एका गोऱ्या मुलाला मारहाण झाली होती. त्या मारहाणीला कमाल २ वर्षं होती, हेतू धरून ती ७ वर गेली, त्याला ४ झाली. मारहाण वाईटच, त्या मुलाची काही चूक नव्हती. पण दुबळ्यांसाठी केलेलं हत्यार पहिल्यांदा देशभर मान्य झालं ते कुणावर चालवून, हे लक्षात ठेवा एवढंच म्हणतो.

ठाम
कायदा सगळ्यांना सारखा नको का? गोऱ्या मुलाला रंगावरून मारलं तर तो द्वेष नाही? हा युक्तिवाद मला अजिबात पटला नाही.

कोरी_पाटी
या मुद्द्यावर ठाम यांना +१. बाकीच्यावर नाही.

रिकामा_पिंजरा
द्वेष आहेच, नाकारत नाही. मी म्हणतोय ते वापराबद्दल. कायद्याची वाक्यं सगळ्यांना सारखी असतात, ती वापरणारे हात नसतात. लंडनच्या स्टीफन लॉरेन्सचं बघा. एप्रिल १९९३, अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, बसस्टॉपवर उभा असताना गोऱ्या टोळक्याने भोसकला. सोबतचा मित्र वाचला, तर पोलीस त्यालाच साक्षीदार मानायच्या ऐवजी संशयाने वागवत होते. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडन पोलिसांना संस्था म्हणूनच वंशवादी म्हटलं. आणि २०१३ मध्ये बाहेर आलं की न्याय मागणाऱ्या त्या कुटुंबाच्या मोहिमेत पोलिसांनी आपला छुपा माणूस घुसवला होता. कुणाकडे फिर्याद द्यायची अशा वेळी?

साधा_वकील
पिंजरा, तुमचंच उदाहरण घेतो. लॉरेन्स कुटुंबाने काय मागितलं? पोलीस नकोत असं नाही मागितलं. आमच्या मुलाच्या खुनाचा तपास इतरांच्या मुलाच्या खुनासारखा करा, हे मागितलं, आणि ते जवळपास एकोणीस वर्षं मागत राहिले. त्या रेट्यामुळे एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला न चालवण्याचा शेकडो वर्षांचा नियम गंभीर गुन्ह्यांपुरता तिथे बदलला. जानेवारी २०१२ मध्ये दोघं दोषी ठरले. त्या आईला जाऊन सांगाल का की शिक्षेत काही अर्थ नाही?

रिकामा_पिंजरा
नाही सांगणार. इथे तुम्ही मला गप्प केलंत, मान्य करतो. पण एकोणीस वर्षं एका आईला लढावं लागलं ते गुन्हेगारांशी कमी आणि पोलिसांशी जास्त, एवढं तुम्ही पण मान्य करा.

साधा_वकील
केलं.

पाणकळा
मी सहसा नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं.

मी परदेशात शिकत होते तेव्हाची गोष्ट, शहराचं नाव देत नाही. संध्याकाळची बस, बऱ्यापैकी भरलेली. दोन माणसं चढली आणि माझ्या रंगावरून, कपड्यांवरून सुरू झाली, तुझ्या देशात जा वगैरे, आणि मग एकाने माझ्या केसांना धरून डोकं खिडकीवर आपटलं. भुवईजवळ टाके पडले, अजून खूण आहे. पोलीस आले, चांगले वागले खरं तर, बाई होती एक, हळू बोलत होती. मग तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या लोकांना तेच सगळं परत सांगावं लागलं, तिसऱ्या वेळेला मला वाटायला लागलं की मी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगतेय. एकजण सापडला. त्याला शिक्षा झाली, किती झाली ते मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही.

आता खरं सांगते. शिक्षा झाल्याचं कळलं त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. पण झाली नसती तर खूप वाटलं असतं, हेही तितकंच खरं. त्यामुळे उंबरठा आणि ठाम दोघांचंही मला अर्धं अर्धं पटतंय.

मला रात्री जे आठवतं ते त्या माणसाचं तोंड नाही. ती बस आठवते. तीस चाळीस माणसं आणि सगळ्यांचे डोळे मोबाईलमध्ये. त्यांच्यावर कुठलं कलम लागणार?

उंबरठा
पाणकळा, लिहिलंस त्याबद्दल काय म्हणू. शेवटच्या ओळीवर अडकलेय मी.

शांत_तळं
दंडवत पाणकळाताई.

पाणकळाताईंसारख्या किती जणी पोलिसांपर्यंत जातच नसतील. अमेरिकेचे आकडे मला माहीत आहेत म्हणून ते देतो. तिथे सरकार घरोघर विचारून पाहणी करतं, त्यात २००५ ते २०१९ या काळात द्वेषातून झालेल्या घटना वर्षाला सरासरी अडीच लाखांच्या आसपास निघतात. आणि पोलिसांमार्फत एफबीआयकडे २०१९ मध्ये नोंद झालेल्या घटना ७,३१४. दोन्ही मोजण्याची पद्धत वेगळी आहे हे धरलं तरी फरक बघा. जी शिक्षा इतक्या थोड्या लोकांपर्यंत पोहोचते ती कमी की जास्त यावर आपण भांडतोय.

आजोबा_७२
मी निवृत्त शिक्षक. आठ वर्षं दर शनिवारी तुरुंगात शिकवायला जात होतो, कुठल्या ते लिहीत नाही. उंबरठा यांनी जे लिहिलं, तुरुंगात टोळीत शिरणं, ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो.

एक मुलगा आला होता, एकविशीचा असेल, दंगलीतल्या मारहाणीत. पहिल्या महिन्यात रडायचा, आईचं नाव घ्यायचा. बराकीत गेला की आपापल्या लोकांत बसावं लागतं, नाही बसलं तर रात्री कुणी विचारत नाही. सहा महिन्यांत त्याची भाषा बदलली. बाहेर असताना ज्याला तो रागाच्या भरात केलं म्हणायचा, त्याला आत राहून बरोबरच केलं म्हणायला लागला. मी गणित शिकवत होतो, त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

दुसराही एक होता, ते पण सांगितलं पाहिजे. तो ज्यांना मारायला गेला होता त्यांच्यातलाच एक कैदी त्याला मराठी टायपिंग शिकवायचा. दोघं वर्षभर एका बाकावर बसत. तो सुटताना त्या दुसऱ्याच्या घरी निरोप द्यायला गेला असं मला नंतर कळलं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, टायपिंगची मशीन दोनच चालू होती म्हणून झालं.

कोरी_पाटी
आजोबा, दुसरा किस्सा वाचून अंगावर काटा आला.

काजवा
आजोबांच्या टायपिंगवरून रवांडा आठवलं, थोडं अवांतर आहे. १९९४ चा वंशसंहार झाल्यावर तुरुंगात लाखाहून जास्त संशयित होते, कोर्टं उद्ध्वस्त, न्यायाधीश मारले गेलेले. नेहमीच्या पद्धतीने खटले चालवले असते तर शंभरेक वर्षं लागली असती. म्हणून त्यांनी गचाचा नावाची जुनी गावसभेची पद्धत नव्या रूपात आणली, सुमारे १२,००० गावकोर्टं, गावाने निवडलेले पंच, उघड्यावर सुनावणी, २०१२ मध्ये बंद झाली तोवर जवळपास २० लाख प्रकरणं. कबुली दिली, प्रेत कुठे पुरलंय ते सांगितलं, तर शिक्षा कमी आणि उरलेली समाजसेवेत.

हे सगळं गोड नव्हतं. आरोपीला वकील नाही, जुनी भांडणं काढून खोटे आरोप, साक्षीदारांना धमक्या, सत्तेत आलेल्यांच्या सैन्याने केलेल्या हत्या त्यात घेतल्याच नाहीत, अशी खूप टीका झाली आणि ती बरोबर होती. तरी मला एक गोष्ट मोठी वाटते. कित्येक घरांना आपलं माणूस कुठे पुरलंय ते पहिल्यांदा कळलं. नेहमीच्या कोर्टात आरोपीचा वकील त्याला पहिलं काय सांगतो? गप्प बस. आणि जखमी घराला हवं असतं ते नेमकं उलटं.

साधा_वकील
गप्प बस हे मी पण सांगतो अशिलाला. आरोपीचा तो हक्क आहे आणि तो काढून घेतला तर उद्या निरपराध माणूस भरडला जाईल. पण काजवा, तुमचं शेवटचं वाक्य मला टोचलं, कारण खरं आहे.

चिमणचारा
इतका गंभीर धागा आहे, थोडं हसू आणतो, खरी घटना आहे. जर्मनीत वुनझीडेल नावाचं गाव आहे, तिथे दरवर्षी निओ नाझी मोर्चा काढायचे. बंदी घालून झाली, विरोधी मोर्चे काढून झाले, येतातच. तर २०१४ मध्ये गावकऱ्यांनी आणि एक्झिट डॉइचलांड या संस्थेने न सांगताच ठरवून टाकलं की हे जितके मीटर चालतील तितक्या मीटरमागे १० युरो दान करायचे. कुणाला दान? ज्यांना नाझी टोळ्यांतून बाहेर पडायचंय त्यांना मदत करणाऱ्या त्याच एक्झिट संस्थेला. रस्त्यावर अंतराच्या खुणा केल्या, उत्साह वाढवणारे फलक लावले, शेवटी आभाराचा फलक. बिचाऱ्यांनी चालत चालत स्वतःच्याच विरोधात १०,००० युरो जमवून दिले!

शांत_तळं
चिमणचारा, भारी! आणि जाता जाता, ही एक्झिट संस्था २००० साली सुरू झाली ती एक माजी पोलीस अधिकारी आणि एक माजी निओ नाझी म्होरक्या या दोघांनी मिळून. बाहेर पडायची इच्छा मात्र माणसाला स्वतः व्हावी लागते, ते कुणाला ओढून काढत नाहीत.

ठाम
देणग्या, फलक, टायपिंग, सगळं छान आहे. आता मी का असा बोलतो ते लिहितो.

माझा रूममेट होता. त्याला घरी परतताना पाच सहा जणांनी गाठून तो ज्या समाजाचा आहे त्यावरून मारलं. एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. केस उभी राहिली, चार वर्षं चालली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यातले दोघं कोर्टात म्हणाले अंधार होता, एकजण आलाच नाही. सगळे सुटले. त्यानंतर ते त्याला रोज दिसायचे. त्याच कोपऱ्यावर. काही बोलायचे नाहीत, फक्त आपल्या कानाला हात लावून दाखवायचे. वर्षभरात त्याने शहर सोडलं.

तुम्ही सगळे म्हणताय शिक्षेने काय होतं. शिक्षा न झाल्याने काय होतं ते मी पाहिलंय.

उंबरठा
ठाम, माफ करा. तुमच्या पहिल्या प्रतिसादाला मी फार पटकन उत्तर दिलं होतं.

रिकामा_पिंजरा
ठाम, तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. यावर वाद नाही घालणार मी.

काजवा
क्षमा करणाऱ्यांचीही उदाहरणं आहेत, धाग्यात यायला हवीत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनात बलबीर सिंग सोढी या शीख माणसाला पगडी बघून गोळ्या घातल्या. मारेकऱ्याची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली. पंधरा वर्षांनी, २०१६ मध्ये, बलबीर यांच्या भावाने तुरुंगात फोन लावून त्या माणसाशी बोलणं केलं, त्याने पश्चात्ताप व्यक्त केला आणि भावाने त्याला क्षमा केली.

पाणकळा
काजवा, ते ग्रेट आहेत, मनापासून सांगते. पण एक लिहिते, रागाने नाही. माझ्यावर हल्ला झाल्यावर दोन तीन चांगल्या लोकांनी मला सुचवलं होतं की तू त्या माणसाला माफ केलंस तर तुलाच हलकं वाटेल. म्हणजे मार पण मी खायचा आणि त्याला सुधारायचं काम पण मीच करायचं. कुणी स्वतःहून फोन लावला तर तो त्याचा मोठेपणा. पण उद्या शिक्षेच्या जागी समेट हाच मार्ग ठेवलात आणि जखमी माणसाला नाही म्हणता आलं नाही, तर तो आणखी एक मार असेल.

साधा_वकील
पाणकळाताईंचा प्रतिसाद कुठल्याही समेटाच्या योजनेच्या पहिल्या पानावर छापायला हवा. कोर्टाबाहेर मिटवून घ्या म्हणून गावागावांत जो दबाव येतो तो कुणावर येतो हे मी बघतो. मारणाऱ्यावर कधीच येत नाही.

मुक्काम_पोस्ट
आणि जिथे मारणाऱ्याला पकडलं जायची, मरायची भीतीच नाही तिथे काय? नॉर्वेत २०११ मध्ये ७७ माणसं मारणारा स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाला, कोर्ट त्याला व्यासपीठ म्हणून हवं होतं. त्याचं लिखाण वाचून प्रेरणा घेतलेल्या माणसाने २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली. नॉर्वेची २१ वर्षांची शिक्षा, जी धोका असेल तोवर वाढवता येते, किंवा न्यूझीलंडची पॅरोलशिवाय जन्मठेप, यातलं काहीही अशा माणसाला आधी थांबवणार नव्हतं. न्यूझीलंडने मात्र महिन्याभरात बहुतेक सेमी ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आणली, आणि तेव्हाच्या पंतप्रधान आर्डर्न यांनी त्याचं नाव कधीच घेणार नाही असं संसदेत सांगितलं. मला या दोन गोष्टी शिक्षेपेक्षा कामाच्या वाटतात, एकीने हत्यार काढून घेतलं, दुसरीने कीर्ती.

ठाम
बंदुकीचं पटलं.

आपल्याकडे नव्या न्याय संहितेत १०३(२) आलंय ना, १ जुलै २०२४ पासून? पाच किंवा जास्त जणांनी जात, समुदाय, भाषा वगैरेवरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. याने काही फरक पडेल का वकीलसाहेब?

साधा_वकील
खुनाला फाशी किंवा जन्मठेप आधीही होतीच, त्यामुळे शिक्षा म्हणून फारसं नवं नाही. नवं आहे ते नाव, झुंडीने द्वेषातून केलेल्या खुनाला पहिल्यांदा वेगळं कलम मिळालं. पण धर्म हा शब्द थेट लिहिलेला नाही, समुदाय आणि तत्सम कारण यात तो बसवावा लागेल. आणि हेतू सिद्ध करायला शेवटी तेच लागणार, ज्याने शिव्या ऐकल्या तो कोर्टात येऊन सांगणार का. सुप्रीम कोर्टाने जुलै २०१८ मध्ये झुंडबळींबद्दल निर्देश दिले त्यात जिल्ह्याजिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, अफवांवर आधीच लक्ष ठेवा असं होतं. मला त्यातला हा आधीचा भाग महत्त्वाचा वाटला होता. चर्चा सगळी नंतरच्या शिक्षेची झाली.

कोरी_पाटी
पाणकळाताई, विचारू की नको असं झालंय. त्या बसमध्ये मी असते तर मी पण मोबाईलमध्येच बघत बसले असते अशी मला भीती वाटते. तेव्हा कुणी काय करायला हवं होतं? भांडायची ताकद सगळ्यांत नसते.

पाणकळा
कोरी_पाटी, चांगलं केलंस विचारलंस. भांडायला नकोच होतं कुणी, भांडण झालं असतं तर तो अजून चेकाळला असता कदाचित.

एक बाई होती, वर लिहायचं राहिलं. वयस्कर, हातात दोन पिशव्या. ती मागून उठून आली आणि माझ्या शेजारी बसली, त्या दोघांकडे बघितलंच नाही, मला म्हणाली पुढचा स्टॉप कुठला गं. जसं काही आमची ओळख आहे. मी काहीतरी बोलले. ती बोलत राहिली, हवा, गर्दी, काहीही. ते दोघं पुढच्या स्टॉपला उतरून गेले. माझं रक्त तिच्या बाहीला लागलं होतं. ती माझ्याबरोबर उतरली, पोलीस येईपर्यंत थांबली, आणि नंतर त्या सापडलेल्या माणसाच्या केसमध्ये साक्ष द्यायला आली. चाळीस जणांत तीच एक. मला नंतर कळलं की तिचा स्टॉप माझ्या कितीतरी पुढे होता.

उंबरठा
मी हा धागा काढताना एकीकडे शिक्षा ठेवली होती आणि दुसरीकडे रिकामी जागा. त्या जागेत काय येतं ते मला दिसत नव्हतं. ही बाई, आजोबांचा टायपिंगवाला, ठाम यांच्या केसमधले ते अंधार होता म्हणणारे दोघं, मला ही सगळी एकाच ठिकाणची माणसं वाटतायत. त्या दोघांनी खरं सांगितलं असतं तर शिक्षाही झाली असती आणि कदाचित तिची तितकी गरजही पडली नसती, कारण त्या कोपऱ्यावर उभं राहून कानाला हात लावायची कुणाची हिंमत झाली नसती. माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. फाशी मी आता मागणार नाही एवढं झालंय.

रिकामा_पिंजरा
आणि मी पाणकळाताईंच्या पोलीसबाईबद्दल विचार करतोय, हळू बोलणाऱ्या.

ठाम
ते दोघं वाईट नव्हते हो. एकाचं त्याच कोपऱ्यावर दुकान होतं. संध्याकाळी घरी जाऊन त्याला पण तिथेच राहायचं होतं. मी खूप वर्षं त्याच्यावर चिडून होतो, आज पहिल्यांदा असं लिहितोय.

वकीलसाहेब, अशा माणसाला संरक्षण वगैरे काही मिळतं का? खरंच विचारतोय. ओळखीत आत्ता एक प्रकरण चालू आहे, साक्षीदार मुलगी घाबरलीय.

साधा_वकील
मिळतं. साक्षीदार संरक्षण योजना २०१८, सुप्रीम कोर्टाने त्या डिसेंबरमध्ये तिला कायद्याचं बळ दिलं. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा, धोका किती ते पोलिसांकडून तपासून घेतात, मग आरोपीशी समोरासमोर गाठ न पडू देता साक्ष, घराजवळ गस्त, गरज पडली तर ओळख लपवण्यापर्यंत तरतूद आहे. बऱ्याच साक्षीदारांना ही योजना आहे हेच माहीत नसतं, आणि अर्ज साक्षीच्या आदल्या दिवशी येतो. तारीख कधी आहे?

ठाम
पुढच्या महिन्यात.

साधा_वकील
मग वेळ आहे, पण या आठवड्यातच करा. अर्जाचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मुलीला एकटी पाठवू नका, कुणीतरी सोबत जा.

ठाम
मी जातो.

कोरी_पाटी
मी पण येऊ शकते, जवळपासच्या जिल्ह्यात असेल तर. व्यनि करा.

साधा_वकील
दोघांनाही व्यनि केला आहे.